देवाला दिलेला पत्ता

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कचेरीतल्या कपाटावर जुन्या फायली साठतात, तसे ते साठतात. एक ओढायला जावं तर पाच अंगावर येतात. मी अंधेरीला दारूबंदीच्या कचेरीत कारकून होतो, हे कळलं की लोक खुर्ची जवळ ओढून बसतात, म्हणून सांगतो.

तेव्हा कायदा नवा होता, कचेरी नवी होती आणि आम्हीही नवेच होतो. जुनी फक्त दारू. इतकी वर्षं झाली, तरी त्या नोकरीत नेमकं कोण कोणाला पकडत होतं, हे मला नीटसं कळलेलं नाही. ऐकून तुम्हाला कळलं तर मलाही सांगा.

आमचे साहेब लिमये. सांगलीचे, चहासुद्धा न पिणारे, टेबलावरची टाचणीही सरळ रेषेत ठेवणारे. त्यांच्या हाताखाली गावडे हवालदार. मालवणकडचा, आवाज खणखणीत, पेन्शनला आठ महिने उरलेले. पाच शिपाई होते. आणि माणसं कमी पडत म्हणून धाडीवर पंचनामा लिहायला मीही जायचो.

*

मी लागून पंधरा दिवस झाले असतील. कुर्ला रस्त्याच्या नाक्यावर आम्ही उभे होतो. भर दुपारी सात जणांचा बँड आला. लाल डगले, पिवळ्या झालरी, खांद्यावर वाद्यं, आणि सगळे गप्प.

गावडेने विचारलं, "वरात खंय?"

"पुढे गेली."

"मगे वाजवत जावा."

"दम लागलाय, हवालदार."

लिमये साहेबांना संगीताची आवड. ते पुढे होऊन म्हणाले, "थोडंसं काहीतरी होऊ द्या."

ढोलवाल्याने बिचकत टिपरू टेकवलं. भरल्या रांजणावर चापट मारावी तसा आवाज आला. कर्णेवाला इतका घाबरला, की त्याने कर्णा तोंडाला लावून मान मागे टाकली आणि बोटाने बूच उडवलं. सूर आला नाही. ढेकर आला.

त्यांतले दोघे खरोखरचे बँडवाले निघाले. त्यांचं म्हणणं एवढंच, की लग्नसराई संपल्यावर वाद्यं रिकामी ठेवून काय करायचं? साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं माझ्याकडून पंचनाम्यात लिहून घेतलं.

*

पकडलेला माल पंचांसमोर तपासावा लागे. पंचांनी वास घ्यायचा आणि दारूच असल्याची सही द्यायची. आमचे ठरलेले पंच म्हणजे आगाशे मास्तर. शाळेतून निवृत्त, जन्मात सुपारी न खाल्लेले. देशाचं काम म्हणून यायचे.

एकदा त्यांना सर्दी झाली. "नाक चोंदलंय. वास आल्याशिवाय मी सही करणार नाही," म्हणाले.

साहेब नियमाचे पक्के. "मग जिभेला लावून पाहा," म्हणाले.

मास्तरांनी करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि डोळे मिटून विचार केला. "नक्की सांगता येत नाही." पुन्हा बुडवली. "अजून शंका आहे." पाचव्या खेपेला त्यांनी करंगळी सोडून वाटी मागितली.

सही झाली, जरा तिरकी. पण मास्तरांची ती सर्दी पुढे वर्षभर बरी झाली नाही. रोज सकाळी येऊन विचारायचे, "आज काही तपासायचं आहे का?"

*

आम्हाला खबरा मिळायच्या त्या निनावी पत्रांनी. अक्षर मोत्यासारखं. जोगेश्वरीच्या तबेल्यामागे बघा, मरोळच्या पडक्या विहिरीपाशी बघा. जाऊन बघावं तर भट्टी हजर. एकामागून एक भट्ट्या फोडल्या. वरून शाबासकीचं पत्र आलं, ते साहेबांनी चौकटीत घालून भिंतीला लावलं.

मग जीप बिघडली आणि महिनाभर आम्ही कुठे गेलो नाही. एके दिवशी सकाळी पांढरा सदरा, हातात छत्री असा एक गृहस्थ आला. तो बाबल. वर्सोव्याच्या खाडीतली मोठी भट्टी त्याची, हे अंधेरीत पोराटोरांना ठाऊक होतं, पण तो कधी हाती लागला नव्हता.

"सायबानू, महिनो झालो, तुमची गाडी खंय दिसाक नाय?"

"दुरुस्तीला आहे," साहेब बोलून गेले.

"बेगीन करून घेवा. कोणय उठता नि डबो चुलीर चढयता. भाव पडलो. तुमी धाडी बंद केल्यात तर आमी धंदो करूचो कसो?"

साहेब लाल झाले. "आत्ता अटक करीन तुला."

"कशाक? तक्रार करूक इलंय म्हणान?" बाबल शांतपणे म्हणाला. जाता जाता भिंतीवरच्या चौकटीपाशी थांबला. पत्र अथपासून इतिपर्यंत वाचलं. "टाइप केलेला हा," म्हणाला. "आमी आपले हातान लिवतो."

तो गेल्यावर उलगडलं, ती निनावी पत्रं त्याचीच. आम्ही फोडलेली एकूण एक भट्टी बाबलच्या वैऱ्याची होती, आणि जितका माल आम्ही गटारात ओतला तितका त्याचा माल महागला होता. त्या महिन्याचा पगार घेताना मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की मी नोकर कोणाचा? साहेबांनी चौकट काढून कपाटात ठेवली आणि सांगितलं, "यापुढे फक्त बाबल."

*

आता गाऱ्हाण्याचं सांगायला हवं. शिपाई सगळे कोकणातले. कोकणातला माणूस देवाला साग्रसंगीत सांगितल्याशिवाय घराचं कौल बदलत नाही, तिथे धाडीला कसा निघेल? कचेरीच्या मागच्या आवारात भिंतीलगत पिंपळ होता, त्याखाली शेंदराचा दगड. निघण्याआधी गावडे तिथे नारळ ठेवून हात जोडी आणि सुरू करी.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी आठ लेकरा खाडीर जातत, चिंचेच्या झाडामागसून, धा वाजता. थंय जा काय वाकडा-नाकडा असात, ता दूर कर रे म्हाराजा!"

आणि आम्ही सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

मी एकदा म्हटलं, "गावडे, इतकं बारीकसारीक कशाला?"

"मगे? देवाक पत्तो नीट नको?" तो म्हणाला. "आमी खाडीर आणि देव गोरेगावाक, असा झाला तर?"

लिमये साहेब आधी लांब घड्याळ बघत उभे राहत. "मागासलेपणा," म्हणत. मग एकदा गाऱ्हाणं न घालता त्यांनी जीप काढायला लावली. दोन टायर फुटले आणि कुत्रं चावलं, तेही नेमकं साहेबांना. पुढच्या वेळी साहेब रांगेत होते. महिन्याभरात सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा.

सवय इतकी अंगात भिनली, की एकदा वरच्या साहेबांचा फोन आला. ते पलीकडून लांबलचक सूचना देत होते. मधेच दम घ्यायला थांबले, आणि आमचे साहेब म्हणाले, "व्हय म्हाराजा."

*

बाबलवर सहा धाडी घातल्या. सहाही वेळा नुसती राख. सहाव्यांदा तर चुलीवर गरम चहा होता आणि फळीवर आठ कप ओळीने मांडलेले. आम्ही आठच जण होतो.

मग वरून पत्र आलं, शाबासकीचं नव्हे. बातमी फोडतो कोण? महिनाअखेर नाव कळवा, त्याला घरी पाठवू.

सगळ्यांच्या नजरा गावडेकडे वळल्या. तो आणि बाबल एका गावचे. नोकरी गेली तर पेन्शनही जाणार, आणि घरी लग्नाच्या दोन मुली. गावडे डबा घेऊन एकटा बसायला लागला.

साहेबांनी बंदोबस्त वाढवला. धाडीची जागा एकट्याने ठरवायची, पाकिटात घालायची, लाखेचं सील लावायचं आणि पाकीट आवारात सगळ्यांसमोरच फोडायचं. मग गाऱ्हाणं, मग जीप. तरीही राखच.

माझं मन म्हणे गावडे नव्हे, डोकं म्हणे मग दुसरं कोण? मी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याची मला अजून लाज वाटते.

*

आवाराच्या भिंतीपलीकडे एक न्हावी दोन खुर्च्या टाकून बसायचा. एका धाडीला मला पाठदुखीमुळे सुट्टी मिळाली, म्हणून दाढी करायला गेलो. गालाला फेस लागला आणि डोक्यावरून आवाज आला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी सात लेकरा खाडीर जातत, जेटीच्या बाजून, अकरा वाजता..."

एकूण एक शब्द ऐकू येत होता. शेजारच्या खुर्चीतला माणूस अर्धी दाढी तशीच ठेवून उठला, सायकलवर बसला आणि जिथून जीप जात नाही अशा जवळच्या वाटेने वर्सोव्याच्या दिशेने गेला. न्हावी म्हणाला, "हा नेहमीच असं करतो. अर्ध्या दाढीचे पूर्ण पैसे देतो."

मी फेसासकट कचेरीत धावलो, पण जीप गेली होती. संध्याकाळी साहेबांना सांगितलं. ते डोकं धरून बसले.

"आणि आपण सगळे वर त्याला होकार देत होतो," ते म्हणाले.

गावडेला बोलावलं. ऐकून तो मटकन खाली बसला. "म्हणजे मीच," म्हणाला.

"वर काय कळवू?" साहेब म्हणाले. "देवाला सांगितलं म्हणून फुटलं, असं लिहू? मला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील. हे बघ गावडे. एकदा बाबल सापडू दे, मी लिहीन फट बुजवली, नाव कोणाचंच देणार नाही. नाही सापडला, तर तोंड तुझं होतं. मला तुझं नाव द्यावं लागेल."

गावडेने मान डोलावली.

*

बेत सोपा होता. गाऱ्हाण्यात मरोळ सांगायचं आणि जायचं खाडीवर.

गावडे अडून बसला. "सायबानू, नोकरी जावंदे. देवाक खोटा मी सांगूचंय नाय."

"मग गाऱ्हाणंच नको," साहेब म्हणाले. पाचही शिपायांनी माना खाली घातल्या. कुत्र्याची आठवण साहेबांनाही झाली असावी.

शेवटी तोड गावडेनेच काढली. आधी खरोखर मरोळला जायचं, पाय जमिनीला लावायचे, म्हणजे देवाजवळ खोटं पडलो नाही. मग पुढे कुठेही. तसं झालं. पिंपळाखाली मरोळचा पत्ता दणदणीत आवाजात दिला. पलीकडे सायकलची घंटी वाजली. आम्ही मरोळला उतरलो, आठही जणांनी पाय टेकले, आणि जीप वर्सोव्याकडे वळवली.

सकाळचे नऊ वाजले होते. तिवरांच्या झाडीत आम्ही गुडघाभर चिखलात दबा धरून बसलो. वीस पावलांवर बाबलची भट्टी, चूल रचलेली, पिंपं भरलेली, काठाला होडी, बाबल स्वतः आणि त्याची तीन माणसं. इतक्या जवळून आम्ही त्याला कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी बोटाने खूण केली, चूल पेटू दे, मग उठू.

बाबलने चुलीपाशी नारळ ठेवला. पायातल्या वहाणा काढल्या. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ते आठय जण मरोळाक गेले हत. त्यांका थंयच घुटमळत ठेव रे म्हाराजा!"

आणि तिवरांतून आठ जणांचा एका सुरात आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा साहेबांचा.

क्षणभर बाबल हात जोडलेलाच राहिला. मग चौघेही होडीत. भरतीचं पाणी होतं, होडी सरळ गेली. वहाणा तेवढ्या राहिल्या.

दुपारी कचेरीत साहेबांनी मला अहवाल लिहायला बसवलं. टेबलावर गावडेच्या नावाचा कागद तयार होता, फक्त सही बाकी. गावडे दाराशी उभा होता, टोपी हातात घेऊन.

"लिहा," साहेब म्हणाले. "आरोपी सावध होऊन पळाले. कारण..."

ते थांबले. खिडकीतून पिंपळ दिसत होता. मग गावडेच्या नावाचा कागद उचलला आणि सावकाश चार तुकडे केले.

"कारण, झाडीत शिंक आली."

"कोणाला लिहू, साहेब?"

"मला," साहेब म्हणाले. "माझं पूर्ण नाव घाला."

मी लिहिलं. दारातून गावडे अगदी हळू आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा."