तारप्याला पाठ

“तुमचं मशीन माणसाला बसू देत नाही,” वायडा सर फोनवर म्हणाले.

मी काउंटरवर कुणाचा तरी मिक्सर उघडून बसलो होतो. तोंडात दोन स्क्रू होते. ते काढून विचारलं, “म्हणजे नेमकं काय होतं सर?”

“म्हणजे काका उठून उभे राहतात. दहा मिनिटं इकडे तिकडे वळतात. मग चपला घालतात आणि जीप पकडून पाड्यावर निघून जातात. तुम्ही येऊन बघा.”

वीस-बावीस वर्षं दुकान चालवतोय. बंद पडलं, धूर आला, उंदराने वायर खाल्ली, जावयाने रिमोट नेला, या सगळ्या तक्रारी ऐकल्यात. आमच्या मशीनमुळे माणूस घर सोडून जातो, ही पहिलीच.

जव्हारला एसटी स्टँडच्या अलीकडे आमचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, टीव्ही, आणि लग्नात वाजून वाजून मेलेल्या ॲम्प्लिफायरची दुरुस्ती. बोर्डावर मी हौसेने ‘होम थिएटर स्पेशालिस्ट’ असंही रंगवून घेतलंय. त्यासाठी ठाण्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग केलं होतं. दुसऱ्या दिवशीचं जेवण चांगलं होतं. माझी बायको वैशाली दुकान माझ्यापेक्षा बरं सांभाळते. तिचं म्हणणं, आजूबाजूला दुसरा कुणी नाही म्हणून तुम्ही स्पेशालिस्ट.

वायडा सर मोखाड्याचे. आश्रमशाळेतून नुकतेच रिटायर झालेले. बाजारपेठेच्या मागे नवीन स्लॅबचं घर बांधलंय. दिवाळीआधी दुकानात आले तेव्हा हातात वही होती. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी वहीत सगळं उतरवलं होतं. फाइव्ह पॉइंट वन, रिसिव्हर, सबवूफर. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फाइव्ह म्हणजे पाच स्पीकर. दोन समोर डावी-उजवीकडे, एक मधोमध टीव्हीखाली, दोन तुमच्या पाठीमागे. पॉइंट वन म्हणजे सबवूफर, नुसता धम्म-धम्म आवाज काढणारा डबा. रिसिव्हर म्हणजे या सगळ्यांचा हेडमास्तर. कुणी कधी तोंड उघडायचं ते तो ठरवतो.

“सिनेमे बघणार का सर?” मी विचारलं.

“सिनेमे बायको बघेल. मला गाणं ऐकायचंय. एकच.”

एकच होतं खरं. सरांचे वडील तारपा वाजवायचे. दुध्या भोपळ्याचं आणि बांबूच्या नळ्यांचं ते वाद्य. आमच्या भागात भात घरात आलं की त्याच्याभोवती नाच धरतात. सर डी.एड.ला असताना त्यांनी मित्राचा टेपरेकॉर्डर आणून वडिलांचा तारपा एका कॅसेटवर घेतला होता. वडील गेले. कॅसेट राहिली. सरांच्या मुलीने ती पुण्याहून पेन ड्राइव्हवर करून आणली.

“त्यात घुंगरं वाजतात ना, ती लहानू काकांच्या, बाच्या भावाच्या काठीची,” सर म्हणाले. “काका नाचाच्या पुढे असायचे, घुंगरांची काठी आपटत. आता पाड्यावर एकटेच राहतात. पावसाळ्यात बांधावरून घसरले, दोन दिवस कुणाला कळलं नाही. दोनदा इथे आणलं. दोनदा परत गेले. म्हणतात, ‘अठं माझं काय काम?’ बाचा तारपा घरात वाजला तर राहतील, असं मला वाटतं. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात...” त्यांनी वही मिटली.

आता एक कबुली देतो. नुसतं गाणं ऐकणाऱ्याला पाच स्पीकर लागत नाहीत. दोन चांगले घ्यावेत, बाकीचं विसरावं. जगातला कुठलाही प्रामाणिक दुकानदार हेच सांगेल. मीही सांगितलं. एकदा सांगितलं, आणि जरा हळू सांगितलं. सर वहीत बघत होते. मी पुन्हा सांगितलं नाही.

इन्स्टॉलेशनला मी स्वतः गेलो. भिंतीएवढा टीव्ही, सोफ्याच्या मागे उंचावर दोन स्पीकर, वायरी पट्टीत लपवलेल्या. सगळं कसं ट्रेनिंगमधल्या फोटोसारखं. पेन ड्राइव्ह लावला. तारपा फक्त मधल्या स्पीकरमधून वाजला. बाकीचे गप्प.

“हे चार मुके आहेत का?” सरांनी विचारलं.

मी समजावलं. जुनं रेकॉर्डिंग मोनो असतं. म्हणजे एकाच माइकने घेतलेलं, त्यात डावं-उजवं काही नाही. म्हणून रिसिव्हर ते मधल्या एकट्यालाच देतो. मशीन बरोबर आहे.

“पण मी पाच घेतलेत.”

मी रिमोटवरचं एक बटण दाबलं. त्याने पाचही स्पीकर एकच गोष्ट बोलायला लागतात. खोली चारी बाजूंनी तारप्याने भरली. सरांच्या बायकोने पोह्यांची प्लेट आणली. मी घाट उतरताना शिट्टी वाजवत आलो.

आणि त्यानंतर हा फोन.

दुसऱ्या खेपेला मी गेलो तेव्हा लहानू काका आले होते. बारीक, काटक म्हातारा. डोक्यावर टोपी, अंगात सरांचा जुना शर्ट. मी म्हटलं, माझ्यासमोर वाजवू या. काका सोफ्यावर टेकले. तारपा सुरू झाला आणि खरंच, काका ताडकन उभे! मागे वळून वरच्या स्पीकरकडे बघितलं. मग पुन्हा टीव्हीकडे. मग परत मागे.

“काका, आवाज येतो ना नीट?”

“येतो.”

“मागूनही येतो ना?”

“पाठीमागून पण येतो रं!”

आता सांगा, मागून आवाज येतो हे वाक्य होम थिएटरवाल्यासाठी काय आहे? पदक आहे ते. मी सरांकडे विजयाने बघितलं. म्हातारा मागच्या स्पीकरकडे सारखा बघतो, म्हणजे त्याला तो आवडलाय आणि पुरत नाहीये, असा मी निष्कर्ष काढला. मागचे दोन्ही वाढवले. सबवूफर कमी केला, तारप्यात धम्म-धम्म कशाला. काका आता भोवऱ्यासारखे फिरायला लागले. मी आणखी वाढवले. काकांनी दाराशी जाऊन चपला घातल्या.

“काका, जेवून जा की!” सर मागे धावले.

“नको रं बाबू. डोकं फिरतं अठं.”

जीप गेली. सर माझ्याकडे वळले. शाळेतल्या पोरांकडे बघत असतील तसं बघत होते.

“तुम्ही काय केलंत?”

“फाइन ट्यूनिंग.”

“काका तुमच्या फाइन ट्यूनिंगने गेले.”

परत येताना मी रस्ताभर सगळ्यांना शिव्या घातल्या. कंपनीला, कॅसेटला, सरांच्या वहीला. म्हाताऱ्यालाही घातल्या, पण मनात. घरी वैशालीने विचारलं, “त्यांना विचारलंत का, का उठतात ते?”

“विचारलं ना. आवाज येतो म्हणाले.”

“ते तुम्ही स्पीकरबद्दल विचारलंत. त्यांच्याबद्दल काय विचारलंत?”

मी जेवणाकडे लक्ष दिलं.

तिसऱ्या खेपेला ती सोबत आली. मोखाड्याचा बाजार होता, तिला नागली आणि सुकट घ्यायची होती, असं तिने सांगितलं. सरांनी काकांना शपथ घालून आणलं होतं. “आज शेवटचं,” सर मला दारातच म्हणाले. “आज नाही जमलं तर हे सगळं उचलून न्या. मी काकांना पुन्हा बोलवायचा नाही. किती वेळा अपमान करून घ्यायचा त्या माणसाने?”

मी आधी एक सिनेमाचं गाणं लावलं, नुसती टेस्ट म्हणून. काका पाय वर घेऊन सोफ्यावर मस्त बसले. पाचही स्पीकर धडाडत होते. काकांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायले. मग तारपा लावला. बशी खाली, काका उभे.

“अहो, बंद करा,” वैशाली म्हणाली.

मी बंद केलं. काका बसले.

“लावा.”

लावलं. काका उभे.

“बघितलंत? आवाजाचं काही नाहीये हे. फक्त तारप्यालाच उठतात,” ती म्हणाली आणि सरळ काकांशेजारी जाऊन बसली. “काका, तारपा लागला की तुम्ही उठता का हो?”

काकांनी तिच्याकडे नवलाने बघितलं. तीन खेपांत पहिल्यांदा कुणीतरी कामाचं विचारलं, असा चेहरा.

“बाय, तारप्याला पाठ दाखवायची नसते. नाचात किती पण फिर, तोंड तारप्याकडं. तारपकरी वळला का आपण वळायचं. यानं,” त्यांनी हनुवटी माझ्याकडे केली, “यानं माझा भाऊस चार बाजूला बसवला. इकडं तोंड केलं तर तिकडं पाठ होते. तिकडं केलं तर इकडं. बसू कसा मी?”

सरांनी डोक्याला हात लावला. “मला माहीत होतं हे,” ते म्हणाले. “लहानपणी मी पाठ केली म्हणून याच काकांनी मला काठी मारली होती. शाळेत पोरांना शिकवलं मी हे. आणि घरी मागे दोन स्पीकर लावून घेतले.”

“मग तुम्ही बोललात का नाही काका?” मी जरा चिडूनच विचारलं.

“बोललो ना. पाठीमागून पण येतो, म्हणलं. तू अजून मोठा केलास.”

मी रिमोट टीव्हीपाशी ठेवून दिला.

मला आधी मशीनचीच आठवण आली. पहिल्या दिवशी, मी बटण दाबायच्या आधी, रिसिव्हरने तारपा एकट्या मधल्या स्पीकरला दिला होता. हेडमास्तर बरोबर होता. स्पेशालिस्ट आडवा आला.

मग काम सुरू झालं. मागचे दोन्ही काढले. समोरच्या बाजूचे दोन काढले. सबवूफर दाराबाहेर ठेवला. सोफा मी आणि सरांनी उचलून बाहेरच्या ओट्यावर नेला, त्यात माझी कंबर धरली ती आजपर्यंत सुटलेली नाही. मधला स्पीकर टीव्हीखालून सोडवला, वायर वाढवली आणि तो खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवला. तो आडवा असतो, मी उभा केला. ट्रेनिंग देणाऱ्यांनी हे बघितलं असतं तर सर्टिफिकेट परत मागितलं असतं.

पेन ड्राइव्ह लावला. आधी टेपची खरखर. कुठेतरी कुत्रं भुंकलं. मग तारपा, आणि मागोमाग घुंगरं.

काका स्टुलाकडे तोंड करून उभे होते. थोडा वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं, गेली तिसरी खेप. मग त्यांचा एक पाय बाजूला गेला. दुसरा त्याच्या मागून आला. हात आपोआप शेजारी पसरला, तिथे कुणी नव्हतं. सर पुढे झाले आणि त्यांनी तो हात स्वतःच्या कमरेमागून घेतला. दोघं बाजूबाजूने सरकायला लागले. स्पीकर एकाच बाजूला आवाज फेकतो, त्यामुळे ते त्याच्या मागे गेले की तारपा दबायचा आणि पुढे आले की उघडायचा. मला, धंदेवाल्याला, तो दोष वाटला. मी स्टूल फिरवायला निघालो.

“राहू दे,” काका नाचता नाचता म्हणाले. “तारपकरी फिरला का असाच येतो.”

मी रिमोट घ्यायला टीव्हीकडे वळलो, तर मागून ओरडा आला, “ए शेट! पाठ!” मी रिमोट सोडून खेकड्यासारखा तिरका सरकत भिंतीला लागलो. वैशाली आणि सरांच्या बायकोला हसू आवरेना.

रेकॉर्डिंग संपलं. काका धापा टाकत जमिनीवरच बसले. भल्या मोठ्या टीव्हीकडे त्यांची पाठ होती.

“काका, टीव्हीकडे पाठ चालते का?” मी विचारलं.

“त्याला काय? तो माझा कोण लागतो?”

बाहेर जीपवाल्याने हॉर्न दिला. त्याला सांगून ठेवलेलं होतं, परतीला काकांना घे म्हणून. सर काकांकडे बघत होते. दुसरा हॉर्न झाला.

“त्याला जा म्हण,” काका म्हणाले. “आणि ते परत लाव. मधी मी काठी एकदा चुकलोय, बघायचंय कुठं.”

त्याला आता चार महिने झाले. काका तिथेच आहेत. मधे दोनदा पाड्यावर जाऊन आले, पण येताना घुंगरांची काठी घेऊनच आले. सोफा अजून ओट्यावर आहे. सरांची बायको सिनेमे तिथल्या खिडकीतून बघते आणि मला फोनवर काय काय बोलते, ते इथे लिहीत नाही.

आता दुकानात कुणी होम थिएटर विचारायला आलं की मी खोलीचं माप नंतर घेतो. आधी विचारतो, ऐकणार कोण, आणि ऐकताना ते करतात काय. काही लोक उठून दुसरीकडे जातात. त्यांना वाटतं, शेठला विकायचं नाहीये.

सरांकडून परत आलेले ते दोन स्पीकर काउंटरमागच्या फळीवर पडून आहेत. गिऱ्हाईक विचारतात, यांच्यात काय फॉल्ट आहे? मी खरं तेच सांगतो. काही नाही, फक्त मागे होते.