चुलीचा वाटा

जव्हारच्या स्टँडवर आम्ही एस.टी.ची वाट बघत होतो. बायको वळकटीवर बसली होती आणि माझा बा उन्हात उभाच. खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावरून तो आमच्यासोबत चालत आला होता. आय आली नाही; निघणाऱ्याच्या मागे डोळे पुसत जाऊ नये, असं तिचं म्हणणं. संस्थान विलीन झालं होतं आणि ज्या पाहुण्यांच्या बंगल्यात मी वाढपी होतो, तिथे पाहुणेच उरले नव्हते. तिथल्या गोव्याच्या आचाऱ्यानं मला भायखळ्याला स्वयंपाक्याचं काम बघून दिलं. गाडी लागली तेव्हा बा एवढंच म्हणाला, "शिकार झाली का तुझा वाटा मी घेईन. तुझी चूल थंडावली असं कोनी बोलायचं नाय."

तुम्ही जे तिकडेच राहिलात, तुम्हाला वाटेल, एवढ्याशा मटणाचं काय घेऊन बसलाय हा. जे माझ्यासारखे निघाले, त्यांना सांगायला नको. आमच्याकडे नागलीच्या शेतात रानडुक्कर शिरलं की सगळा पाडा हाका घालत त्याच्या मागे जायचा. डुक्कर पडलं की पळसाच्या पानांवर वाटे मांडायचे, चुलीला एक. शिकारीला कोण गेलं आणि तापानं घरी कोण पडलं, हे बघायचं नाही. पाटलाच्या चुलीला जेवढा, तेवढाच एकट्या विधवेच्या चुलीला. प्रत्येक पानावर थोडं हाड, थोडी चरबी, थोडं मांस. निवडून घ्यायला कोणी हात पुढे केला की म्हातारे मनगटावर चापट मारायचे.

भायखळ्याच्या मॅडम नर्स होत्या. संध्याकाळी ड्यूटीवरून आल्या की खुर्चीत बसून आधी बूट काढायच्या आणि म्हणायच्या, आज काहीतरी पटकन होईल असं कर. पटकन म्हणजे डुकराचे चॉप, बरगडीच्या हाडासकट कापलेले जाड तुकडे. मीठ, मिरीपूड, ठेचलेला लसूण आणि जरासं व्हिनेगर चोळायचं, ट्रेला तेलाचा हात लावायचा, कडेनं बटाट्याच्या फोडी लावायच्या आणि गॅसच्या तापलेल्या ओव्हनमध्ये सारायचं. मधे एकदा उलटले की झालं. धूर नाही, फुंकणी नाही. आमच्याकडे डुकराचं मटण शिजेपर्यंत पोरं चुलीशीच पेंगायची. इथे मॅडमचं तोंड धुऊन होईस्तोवर जेवण टेबलावर.

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. ओव्हनमधून काढलेले चॉप हाडापासून सोडवले, तुकडे केले आणि बशांमध्ये सारखे वाटे मांडले: मॅडमना, त्यांच्या वडिलांना, भावाला, मला आणि भांडी घासणाऱ्या बाईला. सगळ्या बशा टेबलावर एका रांगेत ठेवल्या. मॅडमच्या वडिलांनी बशीकडे बघून विचारलं, यात चॉप कुठे आहे? मॅडम रागावल्या नाहीत, रागवायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात. चॉप अख्खा वाढायचा, घरच्या माणसांना एकेक, एवढंच त्यांनी समजावलं. भांडीवाली तोंडाला पदर लावून हसली. मला मात्र फार एकटं वाटलं.

पुढे त्यात हात बसला. चॉप त्यांचे, ट्रेमधले उरलेले बटाटे माझे. ते चांगले लागायचे, खोटं कशाला बोलू? भायखळ्यातल्याच आमच्या खोलीवर गेलो की बायको आधी अंघोळीला पिटाळायची. रानातलं डुक्कर कंद खातं, हे तुमचं काय खातं देव जाणे, म्हणायची. मी दमलेला असायचो, तीही. गावाकडून कोणी आलं की मी शिकारीचं विचारायचो आणि बाचा ठरलेला निरोप यायचा, वाटा घेतला. तेवढ्यावर मी पुन्हा ओव्हनपुढे उभा राहायचो. वाटा निघतोय तोवर मी तिकडचाच, इथे नुसता कामाला आलोय, असं मी धरून चाललो होतो.

काही वर्षांनी उन्हाळ्यात एकटाच गावी गेलो. आम्हा नवरा-बायकोचं वेगळं झोपडं जागेवर नव्हतं. वासे वाळवीनं खाण्यापेक्षा बरे म्हणून माझ्या भावानं त्याच्या गोठ्याला लावले होते, त्यात त्याचं काही चुकलं नाही. योगायोगानं त्याच दिवशी डुक्कर पडलं. पानं मांडली गेली, एका म्हाताऱ्यानं चुलीमागून चूल पुकारली. माझं नाव आलं नाही. बा दुसरीकडेच बघत होता.

घरी आयनं मला घोंगडीवर बसवलं आणि भावाच्या वाट्यातलं काळीज, मऊ मांस, सगळं निवडून माझ्या पानावर वाढलं. पाहुण्याला वाढतात तसं. मी पान मागे सारलं.

"मला निवडलेलं नको," मी म्हणालो. "माझा वाटा कुठंय?"

बानं सांगितलं, की झोपडं होतं तोवर त्याला माझा वाटा मिळाला. पुढचे सगळे निरोप खोटे होते. तुला तिकडं वाईट वाटंल म्हणून, म्हणाला.

"वाटा चुलीला रहतो, मानसाला नाय," तो म्हणाला. "तुझी चूल कठं हाय, सांग. मी आता जाऊन मागतो."

मी पाड्याचं नाव घेतलं असतं तर तो खरंच उठला असता, चार माणसांत भांडला असता. मला आमची खोली आठवली, स्टोव्हला पंप मारणारी बायको आठवली. तोंडातून आपसूक निघालं, "भायखळ्याला."

बानं मान हलवली. आयनं पान माझ्यापुढे सरकवलं.

"मंग जेव," ती म्हणाली. "तुला घरी जायला लांब हाय."