चार मिलिमीटर जाड रेघ

मोजणी कचेरीत नकाशे काढणाऱ्या या गृहस्थांना सगळे 'मिलिमीटर' म्हणत. चहा 'अर्धा' असा सांगत नसत. कपाला बोट लावून कुठवर ते दाखवत. बायको म्हणायची, "लग्नाच्या फोटोतसुद्धा हे माझ्यापासून मोजून वीतभर लांब उभे आहेत."

अशा माणसाच्या टेबलावर साहेबांनी पाणथळीचा नकाशा आणून ठेवला. गावाबाहेरची ती पाणथळ, तिच्या पक्ष्यांसकट, संरक्षित वारसास्थळ होणार होती. हद्दीच्या आत असलेली घरं राहणार, पण नवी वीट चढणार नाही. साहेबांनी हद्द आखली होती ती जेवणानंतर, उभ्या उभ्या, लाल मार्करनं.

"जागेवर जाऊन बघा आणि बारीक पेनानं पक्की करा. चारला समितीच्या सह्या आहेत."

मिलिमीटरनी भिंग धरलं. रेघ चार मिलिमीटर जाड, म्हणजे जमिनीवर चाळीस मीटर. त्या चाळीस मीटरखाली त्यांच्या ताईचं घर अख्खं बुडालं होतं. रेघेची आतली कड धरली तर घर सुटलं, बाहेरची धरली तर अडकलं.

ताईची लेक जुळी पोरं घेऊन कायमची माहेरी आली होती. दोन खोल्या, माणसं पाच. वर आणखी दोन चढवायच्या म्हणून विटा अंगणात येऊन पडल्या होत्या.

समितीचा नियम साधा होता: पाणी चढल्याची सर्वांत वरची खूण जिथं सापडेल, तिथवर हद्द. अकराच्या सुमारास मिलिमीटर टेप घेऊन ताईच्या मागच्या दारी उभे राहिले. भिंत हिरवीगार. रंग अजून बोटाला चिकटत होता.

"रंग कधी दिलास, ताई?"

"परवा. का, घर रंगवायलाही आता तुझी सही लागते?"

"सगळं घर पांढरं आणि ही एकच भिंत हिरवी?"

"डबा एकच होता."

"मी म्हणालो होतो, पुढचीही रंगव," भाऊजी पेपरामागून म्हणाले. "माझं ऐकतंय कोण."

"तुम्ही गप्प बसा."

मिलिमीटर उकिडवे बसले. किल्लीचं टोक लावताच ओल्या भिंतीवरून रंगाचा पापुद्रा सुटून आला. खाली गुडघ्याइतक्या उंचीवर तपकिरी पट्टा होता, पट्टीनं आखल्यासारखा सरळ.

"बारक्या," ताईचा आवाज खाली आला, "वीस वर्षांपूर्वीचं आहे ते. तूच आला होतास, माझे डबे माळ्यावर चढवायला."

"आठवतंय."

"मग विसर."

आत एक पोर रडायला लागलं, दुसऱ्यानं लगेच साथ धरली. ताई म्हणाली, "त्यांच्या आईला काय सांगू? मामानं तुझी खोली काढून घेतली?"

मिलिमीटरनी टेप भिंतीला लावली. बावन्न सेंटिमीटर. त्यांनी वही उघडली.

"पेन्सिलीचं खोडता येतं," ताई म्हणाली.

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि पेन काढलं. ताई आत निघून गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही.

पावणेचारला नकाशा साहेबांसमोर होता, आणि सोबत एक चिठ्ठी: हद्दीच्या आत आलेलं घर माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे, दुसऱ्या कुणाकडूनही मोजून घ्यावं.

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, आतली कड धरली असती तर कुणी विचारलं असतं?"

"नसतं."

"मग?"

"पुढच्या पुरात त्या पोरांना खांद्यावर घेऊन उतरवायला मलाच जावं लागलं असतं. गुडघे राहिले नाहीत साहेब आता."

चार वाजून वीस मिनिटांनी सह्या झाल्या. जिन्यात उभं राहून त्यांनी ताईला फोन लावला.

"आत," एवढंच म्हणाले.

पलीकडे पोरांची रडारड चालू होती.

"रविवारी जेवायला येऊ नकोस."

"बरं."

"आणि तुझी ती मागची खोली केवढी रे?"

"दहा बाय अकरा."

"रिकामी कर. पोरगी येईल जुळ्यांना घेऊन."

"बायकोला विचारतो."

"विचारू नकोस," ताई म्हणाली. "सांग."