साडेचारचा नांगर

मुलांनो, आमची बोट खाडीच्या चिखलात आडवी झाली त्या संध्याकाळी तुम्ही व्हिडिओ कॉलवर होता. तुमच्याकडे सकाळ होती, तुम्ही दुधात काहीतरी कुरकुरीत बुडवून खात होता आणि तुमचा बाप आमच्यावर डाफरत होता. आजोबा त्याला म्हणाले की चूक त्यांची आहे. मी शेजारी बसून गप्प राहिले. ते खोटं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांच्या इंग्रजी निबंधांवर लाल रेघा ओढल्या, आता एक स्वतःच्या वहीत ओढते.

कोल्हापूरला समुद्र नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आजोबांच्या घराण्यात सात पिढ्या ऊस आणि त्यानंतर एक पिढी फौंड्री. पाण्याशी संबंध म्हणजे पंचगंगेत पोहणं आणि उसाला पाट सोडणं. फौंड्री तुमच्या काकांच्या हवाली केल्यावर हा माणूस गोव्याला जाऊन पंधरा दिवसांत शिडाची बोट चालवायला शिकून आला आणि वर्षभरात मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या म्हाताऱ्याकडून तीस फुटी बोट घेऊन बसला. ती का आवडली, तर तिच्या पोटाखालचा कील ओतीव बिडाचा आहे म्हणून. कील म्हणजे बोट वाऱ्याने कलंडू नये म्हणून खाली बसवलेला जड पंखा. बोट किनाऱ्यावर ठोकळ्यांवर उभी होती तेव्हा आजोबांनी त्या बिडावर हातोडीने टकटक करून अर्धा तास आवाज ऐकला. लग्नाआधी माझ्या माहेरची एवढी चौकशी कोणी केली नव्हती.

ऑक्टोबर ते मे बोटीवर राहायचं, असा त्यांचा बेत. पावसाळ्यात घरी. चातुर्मासात आमचे मुनिमहाराज एका गावी मुक्काम करतात तसाच बोटीचाही मुक्काम, त्यामुळे हे सगळं धर्माला धरूनच आहे असं त्यांनी मला पटवायचा प्रयत्न केला. शेजारच्या वहिनींनी मात्र फाटकाशी थांबवून विचारलं, "अक्का, घर हाय की चांगलं. गळतंय काय कुठं?"

तुमच्या बापाला हे मुळीच मान्य नव्हतं. आजोबांच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवलेल्या, माझा डावा गुडघा बिनभरवशाचा. फोनवर बरीच खडाजंगी झाली आणि शेवटी ठरलं ते असं: एक हंगाम बघायचा. महावीर जयंतीला घरी आल्यावर मी नाही म्हटलं तर बोट विकायची आणि आजोबांनी चकार शब्द काढायचा नाही. निकाल माझा. मला हे फार आवडलं. कॉलेजातही मी परीक्षक म्हणूनच सुखी होते.

तर बोटीवरचं राहणं. बाहेरून पांढरी शुभ्र दिसणारी ती वस्तू आतून आपल्या कोल्हापूरच्या न्हाणीघराएवढी आहे. त्यात झोपायचं, रांधायचं, भांडायचं. संडासाला हातपंप आहे, तो सतरा वेळा मारावा लागतो. आजोबा बारावर थांबायचे आणि मला ते भिंतीपलीकडून मोजता यायचं. गोडं पाणी टाकीत मोजकं, म्हणून आंघोळ समुद्राच्या पाण्याने आणि वरून तांब्याभर गोडं. त्यामुळे अंगाला कायम भडंगाचा चुरा लावल्यासारखं वाटतं. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. आजोबांचा हात ट्रॅक्टरवर तयार झालेला, त्यामुळे पहिला महिनाभर आम्ही जिथे जायचं नाही तिथे अत्यंत निष्ठेने जात होतो. वारा असला की ते मला शीड ओढायला लावायचे आणि वारा पडला की शिडाकडे असे बघायचे, जणू वारा मीच पाडलाय.

आणि तरी काही सकाळी असं व्हायचं की इंजिन बंद, शिडात वारा भरलेला, उजवीकडे दूरवर कोकणचे डोंगर, आणि पाण्याच्या सळसळीखेरीज आवाज नाही. तेव्हा मी पुस्तक उघडून डोळ्यांसमोर धरायची. वाचत नव्हते. माझा चेहरा खूश झालेला दिसू नये म्हणून धरायची. निकाल लागायचा होता.

आता माझी शिस्त. दिवस मावळायच्या आत जेवण, हा नियम मी सासरी आल्यापासून एकदाही मोडलेला नाही. बोटीवर पहिल्याच दिवशी मी एक तक्ता केला. रोजची सूर्यास्ताची वेळ आपल्या जैन दिनदर्शिकेतून उतरवून घेतली, त्यातून तासभर जेवणाला, थोडा वेळ रांधायला, असं उलटं मोजत गेले आणि उत्तर आलं साडेचार. साडेचारला नांगर पडलाच पाहिजे. मग घडीचं टेबल उघडायचं, त्यावर निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, दोन ताटं, दोन वाट्या, पेले. हलत्या बोटीत ताटं राहत नाहीत, म्हणून नांगर. हा तक्ता मी आतल्या भिंतीवर डकवला, नेमका आजोबांच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर. भिंतीला खिळे मारू देत नव्हते आणि दुसरी जागा नव्हती. त्यांना ओहोटी बघायची असली की माझा सूर्यास्त उचलून खाली डोकवावं लागे.

तक्त्यामुळे आमचा प्रवास कसा व्हायचा ते बघा. सकाळी सातला निघायचं आणि दुपारी तीनपासून मी घड्याळ बघायला लागायची. दूरचं बंदर आमच्या नशिबी नव्हतंच. आजोबांनी एकदा नुसतं म्हणून पाहिलं होतं की रात्रभर शिडावर राहिलं तर एका दमात रत्नागिरीच्या पुढे जाता येईल. मी विचारलं, आणि जेवण? त्यावर ते दोर गुंडाळायला लागले. तो विषय मी तिथेच मिटला असं धरलं.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी वारा दुपारीच मेला. इंजिनावर गेलो तरी ठरलेलं बंदर सहाच्या आधी येत नव्हतं. साडेतीनला उजव्या हाताला एका लहान खाडीचं तोंड दिसलं. मी म्हटलं, आत घ्या. आजोबा म्हणाले की ओहोटी लागलीय, खाडी उथळ दिसतेय, एकदा तक्ता बघून घेऊ. मी म्हटलं की तक्ता मला पाठ आहे, साडेचार. त्यांनी दांडा हातात घेतला. मग म्हणाले, "बरं," आणि वळवली.

चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने ज्या ज्या वेळी "बरं" म्हटलं त्या त्या वेळी मी थांबून विचार करायला हवा होता.

साडेचारला नांगर पडला, अगदी वेळेत. मी मुगाची खिचडी लावली, कढी केली, टेबलक्लॉथ पसरला. पाचला पेला टेबलावरून हळूच चालत माझ्याकडे आला. मी तो परत ठेवला. तो परत आला. तेवढ्यात खालून काहीतरी मऊ गिळल्यासारखा आवाज झाला आणि बोट उजव्या अंगावर रेलायला लागली, रेलतच गेली. पाणी खाडीतून निघून चाललं होतं आणि आजोबांचा तो लाडका कील चिखलात रुतून बसला होता. बोटीतला स्टोव्ह झुलता असतो, त्यामुळे खिचडी सुरक्षित. टेबल झुलतं नसतं. ताटं, वाट्या, कढी, सगळं एका रांगेत घसरत जाऊन आजोबांच्या बिछान्यात पडलं.

आम्ही दोघं बाहेर येऊन वरच्या बाजूच्या कठड्याला धरून बसलो, उतरत्या कौलावर बसावं तसे. एक मच्छीमार आपली छोटी होडी वल्हवत शेजारून गेला. त्याने वल्हं थांबवलं, आम्हा दोघांना नीट पाहून घेतलं.

"आजोबानू, सुकती लागली हा," तो म्हणाला, म्हणजे ओहोटी. "हय कित्याक थांबल्यात?"

आजोबांनी शांतपणे सांगितलं की जेवायला थांबलोय. त्याने थोडा विचार केला आणि आम्हाला दोन बांगडे देऊ केले. आम्ही जैन असल्याचं सांगितल्यावर तो आणखीच हळहळला. पाणी रात्री परत येईल, बोट आपोआप उभी राहील, घाबरू नका, असं सांगून गेला.

त्यानंतर तुमचा कॉल आला. तुमच्या बापाच्या फोनवर आमच्या बोटीचा ठिपका दिसतो आणि तो ठिपका पाण्याऐवजी जमिनीवर दिसत होता. आजोबांनी फोन वाकडा धरून क्षितिज सरळ दाखवायचा प्रयत्न केला, पण मग आम्हीच तिरके दिसायला लागलो. तुमच्यातली धाकटी हसली, तेवढं बरं वाटलं. तुमचा बाप हसला नाही. हे असलं कोणी केलं, असं त्याने विचारलं आणि आजोबा म्हणाले, "माझी चूक. घाई केली मी."

बापाने पुढे बरंच ऐकवलं. उद्या छातीत कळ आली आणि अशा चिखलात अडकलेले असाल तर काय, हे त्याने विचारलं, आणि त्याचं चुकत नव्हतं. आजोबा "व्हय, व्हय" करत राहिले. मी तोंड उघडलं नाही. मला त्या क्षणी दिसत होतं की माझ्या हातात आयता निकाल आलाय. बोट विकायची, कारण तुमच्या आजोबांना ती चालवता येत नाही. कोणी मला दोष देणार नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं की माझं नाव का नाही घेतलं.

ते म्हणाले, "तुझं नाव घेतलं असतं तर तो तुला बोलला असता. मला सवय हाय."

सूर्य खाली टेकला होता. खिचडी आत होती, पण त्या तिरक्या जिन्यातून माझा गुडघा उतरणार नव्हता आणि हातात वाटी धरून तो चढणं आजोबांनाही जमणार नव्हतं. मी म्हटलं, आज उपास. पण तुम्ही तरी आत जाऊन खाऊन घ्या, पंधरा मिनिटं आहेत.

"मला काय घाई न्हाय," ते म्हणाले. मग चिखलातल्या खेकड्यांकडे बघत म्हणाले, "फौंड्रीत मी रोज नऊला जेवायचो. भट्टी उतरल्याबिगर जेवण कसं होणार? तू डबा साडेपाचला पाठवायचीस. मी तो तसाच ठेवायचो."

"किती वर्षं?"

"फौंड्री होती तवर."

मी हिशेबाच्या भानगडीत पडले नाही. मी एवढंच विचारलं की मग या चार महिन्यांत का नाही बोललात. ते म्हणाले की तू नांगर टाकून, टेबल मांडून जेवायला बसतेस तेव्हा खूश दिसतेस. बाकी दिवसभर पुस्तकात तोंड असतं.

मला राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण कुठे ठेवावा ते कळेना. कारण बसल्या बसल्या दुसरीच गोष्ट लक्षात आली. धर्माने सूर्यास्त सांगितलाय. नांगर कुठे सांगितलाय? पाच वाजता चालत्या बोटीत वाटी हातात धरून चार घास खाल्ले असते तर कोणत्या तीर्थंकरांची हरकत होती? टेबल माझं होतं, टेबलक्लॉथ माझा होता. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी जेवताना बसावं कसं ते शिकवलं होतं, आणि मी ते इतकी वर्षं आपल्या धर्माच्या नावावर खपवत होते. त्यापायी एक माणूस हंगामभर दुपारी साडेचारला थांबत होता, ज्याला रात्रभर जायचं होतं.

बोट रात्री उभी राहिली, मच्छीमाराने सांगितल्याप्रमाणेच. कढीचा वास मात्र बिछान्याला मे महिन्यापर्यंत पुरेल असा आहे. मी दुसऱ्या दिवशी माझा तक्ता काढला आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला. आम्ही दोघंही त्या संध्याकाळबद्दल परत बोललो नाही. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टींची हीच पद्धत आहे.

महावीर जयंतीला घरी आलो. मिरवणूक बघून, बुंदी खाऊन संध्याकाळी तुमच्या बापाचा कॉल घेतला. तेव्हा तुम्ही शाळेत गेला होता, म्हणून पुढचं तुम्हाला माहीत नाही. आजोबा शेजारच्या खोलीत टीव्ही लावून बसले होते, कुस्तीच्या मैदानाचं काहीतरी चाललं होतं आणि आवाज गल्लीला ऐकू जाईल एवढा होता. ठरल्याप्रमाणे चकार शब्द काढायचा नव्हता, म्हणून स्वतःचाच आवाज बुडवायची ती सोय.

मी आधी खाडीचं खरं काय ते सांगितलं. आत घ्या म्हणणारी मी, तक्ता बघू न देणारीही मी. तुमच्या बापाने अगदी माझ्यासारखंच, तपासनिसाच्या आवाजात विचारलं, "म्हणजे विकायचं ना? तूच म्हणतेस धोका आहे."

मी म्हटलं की धोका आहे, डॉक्टरांकडून दोघांची तपासणी करून घेऊ, आणि रात्रीच्या प्रवासाला तिसरा माणूस, कोकणातला, समुद्र कळणारा, सोबत घेऊ. पण विकायची नाही.

"बाबांसाठी करतेस हे, आई," तो म्हणाला. "त्यांच्यासाठी एवढं ओढून घेऊ नकोस."

इथे मला "हो" म्हणता आलं असतं. फार सोयीचं होतं. हंगामभर मी तेच तर सगळ्यांना दाखवत होते, नवऱ्याच्या वेडापायी सोसणारी बाई. शेजारणींनाही तेच आवडायचं.

"नाही रे," मी टीव्हीच्या वर आवाज चढवून म्हटलं. "मला स्वतःला तिथे राहायचंय."

पलीकडच्या खोलीतला टीव्ही बंद झाला.