पार्टिशन सरकवताना गेलेली लाईट

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. कॉम्प्युटर दुरुस्तीवर पोट भरतो. बिघाडाला कारण असतं, एवढंच मला ठाऊक. पण ही एक गोष्ट अजून पचलेली नाही...

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. नाशिकला इंदिरानगरात आमच्या मागच्या गल्लीत पगारेकाका राहायचे. काकू शिक्षिका. अंध मुलांसाठी त्या पाठ्यपुस्तकं वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायच्या. त्यावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही मीच टाकलेलं, रेकॉर्डिंग लिनक्सच्या भागात. दिवाळीआधी काकू गेल्या. पुढे विंडोजची जागा भरली, म्हणून काकांनी मला बोलावलं. लिनक्सचा भाग, म्हणजे डिस्कवरचं पार्टिशन, लहान करून मागे सरकवायचा आणि सुटलेली जागा विंडोजला द्यायची.

"संजू, तिचा आवाज जाणार नाही ना? दुसरीकडे कुठेच नाहीये रे."

"काका, रोजचं काम आहे माझं. बिनधास्त राहा."

बॅकअप घ्यायला हवा होता. सीडी रायटर दुकानात होता, आणायचा कंटाळा केला — सरळ सांगतो, माज होता. लोडशेडिंग दुपारी दोनला, मी अकरालाच काम सुरू केलं. टेबलाखाली यूपीएस दिसत होताच. काका भाजी आणायला गेले.

बेचाळीस टक्क्यांवर लाईट गेली! वेळापत्रक त्याच दिवसापासून बदललं होतं, हे नंतर कळलं. पंखा थांबला, शेजारचा टीव्ही गप्प झाला. माहिती अर्धी सरकलेली असताना मशीन बंद पडलं की काकूंचा आवाज कायमचा गेला.

पण स्क्रीन चालूच. यूपीएस टूं-टूं करत होता. दहा मिनिटं टिकला तरी नशीब म्हणत मी आकड्याकडे बघत बसलो. तो पन्नास मिनिटं टिकला. शंभर टक्के झाले, मी मशीन रीतसर बंद केलं आणि टूं-टूं थांबलं.

तेवढ्यात काका पिशवी घेऊन आले. "लाईट कधी गेली?"

"तास होत आला. यूपीएसनं वाचवलं, काका."

"कुठल्या? अरे, त्याची बॅटरी फुगली म्हणून मीच काढून भंगारात दिली. दोन महिने झाले."

मला हसूच आलं. स्क्रू काढून झाकण उघडलं. आत धूळ आणि मोकळ्या सुटलेल्या दोन वायरी. सॉकेटला टेस्टर लावला, तो पेटला नाही.

लाईट आल्यावर एक फाईल लावली. काकू म्हणाल्या, "धडा पाचवा." काकांचे डोळे भरले. "अर्धा धडा टाकून ती जेवायलासुद्धा उठायची नाही," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी रायटर आणून सगळ्याच्या सीड्या केल्या. वीज कुठून आली, याचं पटेलसं कारण मला आजवर सापडलेलं नाही, कुणी सांगितलं तर ऐकायला तयार आहे. निघताना विचारलं, "काका, यूपीएसला नवी बॅटरी टाकू?"

"नको," काका म्हणाले. "राहू दे तसाच."