दादाच्या नावावर हणमंताची छाती

डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. दोन्हींवर माझ्या थोरल्या भावाचं, यल्लप्पादादाचं नाव होतं. एक उन्हाळ्याआधी कामगारांच्या कॅम्पात आलेल्या तपासणीच्या व्हॅनमध्ये काढलेला, स्वच्छ. दुसरा त्याच सकाळचा. त्यात फुप्फुसाच्या वरच्या भागात मोठी पोकळी दिसत होती.

"पल्मनरी ट्युबरक्युलोसिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे फुप्फुसांचा क्षय. पोकळीला ते कॅव्हिटी म्हणाले. जंतूंनी फुप्फुस खाऊन पाडलेलं भोक. "पण इतक्या लवकर एवढं? मला पटत नाही."

माझ्यामागे आमचा चुलतभाऊ हणमंता उभा होता. त्याने स्वच्छ फोटोकडे बोट दाखवलं. "ती माझी छाती हाय," तो मला म्हणाला.

आम्ही सोलापूरकडचे वडार. दगड फोडणारी, कामामागे पालं हलवणारी माणसं. दादाने मला वसतिगृहात ठेवून शिकवलं, म्हणून मी आखातातल्या या बेटावर, मनामा शहरात ऑफिसात लागलो आणि तिथल्याच गुदैबिया भागात राहू लागलो. तो टोळीबरोबर समुद्रात भराव टाकायच्या कामावर आला. सौदीकडे जाणारा पूल तेव्हा अर्धाच झाला होता, बेटभर कामं निघाली होती, आणि टोळी या कॅम्पातून त्या कॅम्पात हलत होती.

आधी संध्याकाळचा बारीक ताप, मग रात्रीचा घाम, मग सैल होत गेलेला पट्टा. दगडाची धूळ बाधली असं सगळे समजले. मीही.

आमच्यात टोळीतला एखादा उठू शकला नाही, तर हजेरीला दुसरा त्याच्या नावाची ओ देतो आणि त्याचं काम बाकीचे वाटून घेतात. यात काही खोटं आहे असं कुणाला वाटत नाही. व्हॅन आली तेव्हा दादा तापाने पडलेला होता.

"माझा फोटो झाला. मग दादाचं नाव पुकारलं. खाडा पडंल म्हणून दिली ओ, पुन्हा गेलो," हणमंता म्हणाला. "म्हटलं, तोंडाचा सोडून हे बेणं छातीचाच का काढतंय?"

तोच माणूस दुसऱ्यांदा समोर आला आणि यंत्रावरच्याने मान वर करून पाहिलं नाही. कशासाठी तपासतात हे हिंदीतही कुणी सांगितलं नाही. कॅम्प बॉस "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, आटपा, करत होता. खोलीत कोण पडलंय हे बघायला कुणी गेलं नाही. हणमंतावर मी रागावलो नाही. बाकी सगळ्यांवरचा राग अजून गेलेला नाही.

दादाला आयसोलेशनमध्ये ठेवलं, म्हणजे इतरांपासून वेगळ्या खोलीत. वसईच्या फिलोमिना सिस्टर रोज औषध द्यायच्या. काँटॅक्ट्स तपासायला हवेत, असं त्यांनीच मला समजावलं. काँटॅक्ट्स म्हणजे रुग्णाच्या खोलीत, त्याच हवेत झोपणारी माणसं.

व्हॅन गेली ती जुन्या कॅम्पला. टोळी तोवर मआमीरच्या कॅम्पात हलली होती. ड्रायव्हरने हात झटकले, "उधर मफी. कोई नहीं." एवढ्यावर चौकशी संपली.

दादाला सांगितलं तेव्हा तो हसला, मग बराच वेळ खोकला. "साहेब, तुझं इंग्रजी काय लोणच्याला घालायचंय? जा की, पोरांना तपासून आण."

काही दिवसांनी त्याला हीमॉप्टिसिस झालं, म्हणजे खोकल्यातून रक्त पडू लागलं. ते थांबलं नाही. दादा गेला.

मी मआमीरला गेलो तेव्हा कॅम्प बॉसने फाटकातच अडवलं. "एक का निकला तो कंपनी सबको घर भेजेगी. खलास करो." टोळीलाही हीच भीती होती. मी परत डॉक्टरांकडे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडलो. त्यांनी ऐकून घेतलं. "औषध सुरू झालं की काही आठवड्यांत रुग्णापासून इतरांना सहसा धोका राहत नाही," ते म्हणाले. "त्याला इथेच बरं करा, असं मी कंपनीला सांगेन."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, व्हॅन मआमीरला आली. सिस्टर स्वतःची सुट्टी मोडून आल्या. मी खोलीखोलीत जाऊन आमच्या घरच्या बोलीत सांगितलं, की ही हजेरी नाही. ज्याची छाती त्यानेच जायचं.

या वेळी हणमंताच्या फुप्फुसावर डाग निघाला. उन्हाळ्याआधी ती छाती स्वच्छ होती, हे आम्हाला दोनदा कळलेलं होतं.

कॅम्पात राहणाऱ्यांना माझं सांगणं आहे. बारीक ताप आणि खोकला हटत नसेल तर धुळीला दोष देत बसू नका, स्वतः दवाखान्यात जा. जागा बदलली तर नवी जागा तिथे कळवा. आणि व्हॅन पाठवणाऱ्यांनो, शुक्रवारी या, माणसाच्या तोंडाकडे बघा, आणि टोळी कुठे गेली ते विचारल्याशिवाय परतू नका.

अशा लेखाच्या शेवटी आभार मानतात. फिलोमिना सिस्टरांचे मानतो, डॉक्टरांचेही. इतरांचे मानणार नाही. हणमंता पूर्ण बरा झाला. ज्या गोळ्यांनी तो बरा झाला, त्या दादा तापात पडलेला असताना आणि व्हॅन अंगणात उभी असतानाही याच बेटावर होत्या.