उंबराच्या फांदीतले भाडेकरू

डॉ. मालिनी सोवनी यांची माझी ओळख झाली, तेव्हा पुण्यात दर दुसऱ्या जिन्यावर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागत होती. मी वनस्पतिशास्त्र घेतलं म्हणून नातेवाईक माझी प्रकृती विचारायचे. पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, "टेकडीवर नुसता खडक. तिथल्या उंबराला नायट्रोजन कोण पुरवतं? महापालिका?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं.

बाईंना वाटायचं, फांदीच्या आत राहणारे जीवाणूच हवेतला नायट्रोजन झाडाला देतात आणि मोबदल्यात साखर खातात. भाडेकरूने घरमालकाला पोसायचं, हे पुण्यात कुणाला पटावं? प्राचार्य म्हणाले, "बाई, ती बाहेरची घाण असणार. सोमवारी बघतो. काही दिसलं नाही, तर तुमच्या प्रयोगशाळेत संगणक बसतील."

कसोटी सरळ होती. फांदी बाहेरून निर्जंतुक करायची. शेवटचं धुवण एका बशीत, आतला गाभा दुसरीत. दोन्हींत नायट्रोजन नसलेलं खाद्य, म्हणजे हवेतला नायट्रोजन घेणारेच तिथे वाढणार. पहिली कोरी राहून दुसरीत जीवाणू वाढले, तर ते आतलेच. पण 'घाण' हा शब्द आमचे प्रयोगशाळा सहायक दामले यांच्या जिव्हारी लागला. त्यांनी फांदी औषधात दुप्पट वेळ बुडवली. सोमवारी दोन्ही बशा लख्ख कोऱ्या!

दामले पांढरेफटक. बाई शांतपणे प्राचार्यांना म्हणाल्या, "चूक माझी. आणखी एक संधी द्या." प्राचार्य वळताच मात्र, "अहो दामले, अंग धुवायला सांगितलं होतं, आतडी नव्हे!"

बाई साडीवर कॅनव्हासचे बूट चढवून पुन्हा टेकडी चढल्या. आणि मग ती सकाळ! "आले! आले!" ओरडत बाई व्हरांड्यातून धावत सुटल्या. प्राचार्य आले समजून आम्ही वर्गात पळालो. धुवणाची बशी कोरी, गाभ्याभोवती जीवाणूंचे चकचकीत थेंब! प्राचार्य वाकून बघतच राहिले. "बाई, खोली तुमची."

"ही नुसती सुरुवात," बाई म्हणाल्या. "तो नायट्रोजन झाडात पोचतो, हे अजून दाखवायचंय." त्यापायी पुढची कितीतरी वर्षं त्यांनी आनंदाने घालवली. संगणक स्टाफरूममध्ये बसले, त्यामुळे प्राध्यापकांना वर्गांवर जावं लागलं. बाईंचं हे योगदान दुर्लक्षित आहे.

पंचाहत्तरीच्या शुभेच्छा द्यायला आज फोन केला, तर बाई म्हणाल्या, "ते राहू द्या. एका आयटी कंपनीच्या भिंतीत पिंपळ उगवलाय, उद्या उपटणार आहेत. त्याआधी एक फांदी हवी. शिडी धराल?"

धरतो, बाई. आपलं आरोग्य असंच ठणठणीत राहो, आणि शिडी धरून आमचेच हात दुखोत.